सुटल्यावर राहण्याचा पत्ता

नेरडीगोंडा, ५ जानेवारी २०२५

शरदचंद्र उमरीकर यांस,

लिहिलं तुमचं नाव. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. हात काही झडला नाई माझा.

तुमची चिठ्ठी काल माझ्या भावानं, सुधाकरनं, आणून दिली. "रजेची मुदत दिनांक ३१ डिसेंबर रोजी संपली असून आपण अद्याप हजर झाला नाहीत." माझी भावजय सुवर्णा पदर तोंडाले लावून हसली. मले हसू आलं नाई. कोणाची रजा आन् कोणती मुदत? मी माझ्या सख्ख्या भावाच्या घरी आली आहे. दिवसाढवळ्या, पिशवी घेऊन, शेजारणीले सांगून आली. पळून आली असती तर तुमी कैदी पळाल्यासारखी घंटी वाजवून सारी कॉलनी काठ्या घेऊन नाल्यात उतरवली असती, माहीत आहे मले.

फोनवर तुमी बोलत नाई, काऊन तर बोललेल्या शब्दाची नोंद राहत नाई. ठीक आहे. मीही कागदावरच बोलते. फक्त हा कागद पाकिटात घालायच्या आधी तुमी वाचला नाई. पाहा, कोपऱ्यात तुमची हिरवी पेन्सिल कुठंच नाई. मी माहेरी लिहिलेल्या प्रत्येक पत्रावर ती खूण असायची. "सगळे खुशाल आहेत, पाऊस बरा आहे, यांची तब्येत ठीक आहे." याच्यापुढं मले लिहिताच येत नव्हतं. माझी माय मरेपर्यंत म्हणायची, वच्छी सुखात आहे, तिच्यापाशी लिहायले काही नसतंच.

"कारण नमूद करावे" म्हणता. करते नमूद.

आठ डिसेंबरले तुमच्या दगडी तुरुंगाचं म्युझियम झालं. तुमी कोट घातला, मले ठेवणीतलं लुगडं नेसाले लावलं, आन् आपण गेलो. जिथं तुमी तेहतीस वर्षं जेलरकी केली तिथं आता लोकं तिकीट काढून कोठडीत उभे राहतात आन् गजातून तोंड काढून फोटो घेतात. भिंतीवर मोठी पाटी. निजामाच्या राज्यात इंग्रजाच्या पुस्तकावरून उतरवलेले नियम, तुमच्यापर्यंत जसेच्या तसे चालत आलेले. पहाटे साडेपाचले घंटी. कुलूप उघडलं की दोन-दोनच्या जोडीनं उकिडवं बसायचं, गिनती द्यायची, मागं वळून पाहायचं नाई. ज्वारीची कांजी, मंग मशक्कत, म्हणजे चक्की नाईतर सतरंजीचा माग. भाकर तराजूवर तोलून, सगळ्याले सारखी. रविवारी झडती. ऊन उतरायच्या आत पुन्हा गिनती आन् कुलूप. पंधरा दिवसांतून एक पत्र, तेही साहेबानं वाचून मंग.

लोकं वाचून "अरे बापरे" म्हणत होते. यात बापरे काय आहे? हे तर आमच्या घरचं टाइमटेबल!

का हो, खोटं आहे का? साडेपाचले पितळी घंटी तुमी घरात वाजवली नाई का? ताटं घासून पालथी, भिंतीले चिकटून, एका रांगेत. रविवारी पोरीच्या दप्तराची झडती. ती सातवीत होती, चिंचेची बोटुकं सापडली म्हणून दोन दिवस तिची खेळायची सुट्टी बंद. दिवेलागणीच्या आधी दाराले कुलूप, चावी तुमच्या कमरेले. भाकरीसुद्धा सगळ्या सारख्या थापायच्या, काऊन तर कोणाले जास्त कोणाले कमी झालं की बराकीत भांडणं होतात. तीन माणसांच्या घरात कोणती बराक हो?

एकच नियम मी मोडला त्या घरात. तो तुमाले आजवर कळला नाई, आन् मी सांगणारही नाई.

आता खरं कारण. तुमी त्या पत्र तपासायच्या टेबलापाशी उभे राहून पाहुण्यांले सांगत होते. "आक्षेपार्ह पत्र आम्ही फाडत नसू. निळ्या कापडात बांधून ठेवत असू आणि कैदी सुटला की पावती घेऊन त्याला परत करत असू. तेहतीस वर्षांत एक चिटोरं मी फाडलं नाही. ना इथे, ना घरी."

ना घरी! लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना ऑटोत विचारलं, घरी कोणाचं पत्र अडवलं तुमी? "कार्यालयीन बाब," म्हणाले, आन् बाहेर पाहत बसले. वीस दिवस मी रोज विचारलं. वीस दिवस तेच उत्तर. एकोणतीसले मी पिशवी भरली.

अश्विनी अकरा वर्षांआधी धम्मपालसोबत लग्न करून वांकिडीले गेली. आपली एकुलती एक पोट्टी. तिनं मायले एक ओळ लिहिली नाई, असं धरून मी चालली. दगड आहे, बापावर गेली, असं मी साऱ्या नात्यागोत्यात सांगत फिरली. दिवाळीले तिचं नाव कोणी काढलं तर मी उठून आत जायची.

तवा साफ लिहा. तुमच्या लोखंडी पेटीत निळं कापड आहे का? त्यात माझ्या पोरीचं पत्र आहे का? हो किंवा नाई. दुसरं काही लिहू नका.

वच्छला


नेरडीगोंडा, १७ जानेवारी

जेलरसाहेब,

हो किंवा नाई लिहा म्हटलं होतं. तुमी लिहिलं, "अडवलेली पत्रे नियमानुसार केवळ सुटकेच्या वेळी, लेखी अर्जावरून देण्यात येतात."

म्हणजे आहेत.

मी तिळगुळाच्या पाकापाशी उभी होती. सुवर्णानं चिठ्ठी वाचून दाखवली आन् माझा पाक करपला. सगळ्या घरात जळका वास. संक्रांतीले या घरी लाडू झाले नाईत ते तुमच्यामुळं, हेही नोंद करून ठेवा.

तुमाले वाटत असेल, मी मारलं का कधी हिले? नाई मारलं. तुरुंगातही तुमी कोणाच्या अंगाले हात लावला नाई, हे मी कबूल करते. सगळे कैदी म्हणायचे, साहेब कडक आहे पण न्यायाचा आहे. दिवाळीले सुटलेले कैदी पाया पडाले यायचे. मीच चहा करायची त्यांच्यासाठी. एकदा एक म्हातारा कैदी मले म्हणाला, "बाई, तुमी बऱ्या, भिंतीबाहेर राहता." मी म्हटलं, हो बाबा, चहा घ्या.

अर्ज पाहिजे ना? घ्या अर्ज.

अर्जदाराचे नाव: वच्छला शरदचंद्र उमरीकर.
शिक्षा: बेचाळीस वर्षं.
गुन्हा: वाचून दाखवण्यात आला नाई.
वर्तणूक: उत्तम. पळण्याचा प्रयत्न एकदाही नाई.
माफी: चांगलं वागणाऱ्या कैद्याले महिन्याकाठी शिक्षेतून काही दिवस माफ होतात. अर्जदाराले आजवर एक दिवसही नाई.
विनंती: अर्जदार दिनांक २९ डिसेंबरपासून सुटली आहे. साहेबांच्या ध्यानात आलं नसेल तर आणून देण्यात येत आहे. तरी तिच्या नावचा जो काही कागद असेल तो तिले देण्यात यावा.

अंगठा नाई, सही करते. सातवी पास आहे मी, तुमाले आठवत नसेल.

वच्छला


नेरडीगोंडा, ३१ जानेवारी

पार्सल मिळालं.

निळं कापड, वर सुतळी, सुतळीले लाख. माझ्याच अर्जावर हिरव्या पेन्सिलीनं "मंजूर". आन् खाली पावतीचा छापील कागद. अहो, हा कागद आला कुठून? रिटायर होताना कोरे फॉर्म घरी घेऊन आले होते की काय!

चौदा पत्रं आहेत.

ओसरीवर कापसाची बोचकी पडली आहेत, त्यावर बसून मी सकाळपासून वाचून राह्यली. सुधाकर दोनदा जेवाले बोलवून गेला. प्रत्येक पाकीट वरून ब्लेडनं कापलेलं, सरळ रेषेत. प्रत्येकावर क्रमांक, तारीख आन् अडवण्याचं कारण. तुमचं अक्षर किती सुंदर आहे हो. मुडदा बसवला त्या अक्षराचा!

क्रमांक चार. "आई, मला सातवा महिना आहे, सासू नाही, तू दोन दिवस तरी ये." कारण: घरच्या शिस्तीस बाधक.

क्रमांक पाच. ते लेकरू राह्यलं नाई. एवढंच आहे त्यात, चार ओळी. कारण: भावना भडकण्याची शक्यता.

क्रमांक आठ. मुलगी झाली. नाव स्वरा. नाक तुझ्यासारखं आहे, म्हणते. कारण: वरीलप्रमाणे.

वरीलप्रमाणे! नात झाली ती वरीलप्रमाणे?

क्रमांक नऊ तीनदा वाचलं. ती आली होती. दोन हजार अठराच्या मार्चमध्ये, तान्ह्या लेकराले कडेवर घेऊन आपल्या फाटकापर्यंत आली होती. तुमी फाटक उघडलं नाई. तिनं लिहिलं आहे, "बाबा, खून केलेल्या माणसालासुद्धा जाळीआडून पंधरा मिनिटं मुलाकात मिळते. लहानपणी तुम्हीच सांगितलं होतं." तो दिवस मले आठवतो. मी गच्चीवर ज्वारीचे पापड वाळू घालत होती. खालून आवाज आला म्हणून विचारलं, कोण आहे हो? तुमी म्हणाले, मीटरवाला.

माझी लेक अन् माझी नात खाली उन्हात उभ्या होत्या आन् मी वर पापड उलटत होती. तुमचं वाटोळं होवो, असं आज माझ्या तोंडून निघालं. सुवर्णानं तोंडावर हात ठेवला माझ्या. मी परत म्हटलं.

चौदावं दोन हजार एकवीसचं. "हे शेवटचं. आता त्रास देणार नाही." त्याच्यापुढं काही नाई.

आता ते सांगते जे मी पहिल्या पत्रात लपवलं. तुमी वाचताना हसले असाल मनात. क्रमांक एक असं सुरू होते: "आई, तुझं पत्र मिळालं."

हाव, लिहिलं होतं मी. ती गेली त्याच्या महिनाभरात. एकच पत्र. त्यात काय होतं ते तुमाले माहीत आहे, काऊन तर तुमी ते वाचलं, कोपऱ्यात हिरवी खूण केली आन् त्याच दिवशी टपालाच्या पेटीत टाकून आले. माझ्या पोरीची चौदा पत्रं आक्षेपार्ह, आन् माझं ते एक पत्र नियमात बसलं! तुमी अडवायले पाहिजे होतं तर ते अडवायचं होतं. जन्मभर सगळं अडवलं, तेवढंच सोडलं.

पावतीवर सही करणार नाई. खाली एक रकाना आहे, "सुटल्यावर राहण्याचा पत्ता". काय लिहू तिथं? भावाचं घर म्हणजे काही माझा पत्ता नव्हे. रकाना रिकामा आहे, पावती माझ्यापाशीच राहील.

वच्छला


नेरडीगोंडा, ९ फेब्रुवारी

तुमचं उत्तर नाई. मागितलंही नव्हतं.

दहा दिवस तुमाले शिव्या देऊन तोंड दुखलं माझं. सुवर्णा कापूस वेचून आली, हातपाय धुतले, माझ्यापाशी बसली आन् म्हणाली, "अक्का, रागावू नका. जेलरसाहेबांनी पत्रं अडवली. बस कोणी अडवली होती?"

मी तिच्याशी दोन दिवस बोलली नाई.

पण पाहा ना. धम्मपाल वांकिडीच्या शाळेत मास्तर आहे, हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दर मंगळवारी मी भाजीबाजारात जायची. चावी तुमच्या कमरेले होती, पण मंगळवारी सकाळी दार उघडंच होतं. बसस्टँड वाटेतच. आसिफाबादची गाडी समोर उभी राहायची, कंडक्टर ओरडायचा, तिथून पुढं वांकिडी तासाभराचीही नाई. अकरा वर्षांत किती मंगळवार झाले? मी वांगी घेऊन घरी यायची.

मले वाटायचं, लोकं काय म्हणतील. कोणाच्या घरात गेली, कोणाच्या हातचं पाणी पिते. मी ते तुमच्यापेक्षा जास्त मनात धरलं होतं. तुमी नियम पाळत होते, मी तोरा पाळत होती. हे लिहायले माझ्या जिवावर आलं आहे, तरी लिहिते. तुमाले माझ्या तोंडून ऐकायची हौस असेल तर घ्या.

उद्या जाते. दोन गाड्या बदलून.

वच्छला


वांकिडी, २३ फेब्रुवारी

इथं येऊन तेरा दिवस झाले. तुमाले कळवायचं नव्हतं. पण एक गोष्ट तुमच्या नावावर चढली आहे, ती तुमाले माहीत असावी म्हणून लिहिते. कोणाच्या नावावर काय चढवलं ते त्याले वाचून दाखवावं, असा तुमचाच नियम आहे.

अश्विनीनं दार उघडलं. मले पाहिलं. केस पिकले तिचे कानापाशी. "ये," म्हणाली, शेजारीण डाळ मागाले आल्यासारखी. रडली नाई, गळ्यात पडली नाई. मीच दारात रडून राह्यली, आन् ती पिशवी आत घेऊन गेली.

धम्मपालनं पाणी आणून दिलं. मी पिऊ लागली तवा तो बाजूले उभा राहून पाहत होता. तांब्या रिकामा केला मी. "आणखी देऊ?" म्हणाला. मी म्हटलं, द्या. दुसरा तांब्याही प्याली. पोट तुडुंब झालं होतं, पण प्याली. पोरगा चांगला आहे. तुमच्यासारखा कमी बोलतो, पण त्याच्या कमी बोलण्याची भीती वाटत नाई.

स्वरा सात वर्षांची आहे. तेलुगू शाळेत जाते, मले "अम्मम्मा" म्हणते. पहिल्या दिवशी मी ताटं घासून पालथी लावली, एका रांगेत, भिंतीले चिकटून. तिनं विचारलं, "अम्मम्मा, ताटं झोपली काऊन?" अश्विनी आली आन् काही न बोलता एकेक उलथून मांडणीवर ठेवली. मंग मले म्हणाली, "आई, इथं कोणी मोजत नाई."

पण साडेपाचले तिचेही डोळे उघडतात. घंटी नाई काही नाई. आमी दोघी अंधारातच उठून बसतो आन् एकमेकींकडं पाहत नाई.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिनं कपाटातून ते पत्र काढलं. माझं. घडी करकरून चिरलं आहे. कोपऱ्यात तुमची हिरवी खूण अजून तशीच. तिनं त्या खुणेवर बोट ठेवलं आन् विचारलं, "हे बाबांनी लिहवून घेतलं ना तुझ्याकडून?"

मी पदर तोंडाले लावला. हो म्हटलं नाई, नाईही म्हटलं नाई. "मले वाटलंच होतं," म्हणाली, आन् पत्र ठेवून दिलं.

तवापासून ती माझ्याशी बरं बोलते. काल केसाले तेल लावून दिलं तिनं माझ्या.

मी तसंच राहू दिलं. तुमच्या नावावर एवढं सगळं आहे, त्यात आणखी एक. चौदा पत्रं अडवणाऱ्या माणसाले पंधराव्याचं ओझं काय व्हायचं? तुमाले खोटं खपत नाई, तवा उद्या तुमी "सदर पत्र मी लिहवून घेतले नव्हते" असा खुलासा पाठवाल तर पाठवा. पत्ता तुमच्यापाशी आहेच, चौदा पाकिटांच्या मागं लिहिलेला. माझा संसार तुमी मोडला, आता हाही मोडा.

वच्छला


वांकिडी, ९ मार्च

कोणी मागितली होती तुमच्याकडं माफी?

तुमचं कार्ड परवा आलं. अश्विनीच्या नावानं. मी चुलीपाशी होती. इथं गॅस आहे, पण भाकरीले मी परसात चूल मांडून घेतली. ती दारात उभी राहून मोठ्यानं वाचू लागली.

"चि. अश्विनीस. दिनांक १४ ऑगस्ट २०१३ चे पत्र तुझ्या आईने माझ्या सांगण्यावरून लिहिले. मजकूर माझा होता. जबाबदारी माझी आहे. तिला बोल लावू नये."

काटेकोर माणूस तुमी. हजेरीत एक मिनिट इकडचं तिकडं लिहिलं नाई कधी. आन् जन्मात पहिल्यांदा कागदावर खोटं लिहिलं ते हे! अक्षर पार हललं आहे. ओळ खाली घसरली आहे. डोळे तपासून घ्या, तेवढं मी म्हणते.

मले असा राग आला की हातातलं पीठ मी परातीत आपटलं. बेचाळीस वर्षांत एक दिवसाची माफी दिली नाई, आन् आता एका कार्डावर सगळी शिक्षा माफ करून राह्यले! तुमी मोठे, मी लहान. तुमी देणार, मी घेणार. हेही तुमच्याच हातानं? मेलेलं लेकरू अन् फाटकाबाहेरची उन्हातली पोर, हे या एका कार्डानं फिटत नाई. एवढं समजून असा.

अश्विनी म्हणाली, "खरं आहे का आई?"

हो म्हटलं असतं तर झालं असतं. तेल लावणारे हात राह्यले असते, अम्मम्मा राह्यली असती. मी मान वर केली नाई. म्हटलं, "नाई. त्यांनी एक अक्षर सांगितलं नाई. सगळं मीच लिहिलं. त्यांनी फक्त वाचलं अन् टपालात टाकलं."

मी थांबली नाई. म्हटलं, मी बोलून जाते मंग तू हाकलून दे. तुझ्या नावानं आंघोळ केली असं लिहिलं ते मी. जातीवरून जे लिहिलं तेही मीच. धम्मपालनं ते वाचलं असेल तर त्याले सांग, मी त्याच्या तोंडाकडं पाहायच्या लायकीची नाई.

"मले माहीत होतं," म्हणाली.

मी वर पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पत्राच्या शेवटी काय लिहिलं होतं आठवते तुले? 'आता पहिली भाकर मी लहान थापत नाई.'"

तुमाले आता सांगते तो नियम, जो मी तुमच्या घरात मोडला. सगळ्या भाकरी सारख्या, असा तुमचा हुकूम. पण पहिली भाकर मी दर दिवशी लहान थापायची, तळहाताएवढी, जाड, वरून तुपाचं बोट. तुमी पूजेत असायचे. अश्विनी चुलीपाशी उभ्या उभ्या ती खाऊन घ्यायची, मंग हात पुसून पाटावर येऊन तुमच्यासमोर बसायची आन् तोललेली भाकर खायची. वीस वर्षं. तुमाले कधी कळलं नाई. तुमी ते पत्र तपासलं तवाही ती ओळ तुमाले काही कळली नसेल, नाईतर अडवलं असतं.

अश्विनी म्हणाली, "बाबांले त्या भाकरीची काय माहिती? ते तूच लिहिलेलं. सगळं तूच लिहिलेलं, हे मले वाचल्या वाचल्या कळलं."

म्हटलं, "मंग मले तसं काऊन विचारलं, त्यांनी लिहवून घेतलं ना म्हणून?"

"तुले बसायले जागा पाहिजे होती. आत येऊनही दारातच उभी होतीस कवाची."

"आन् चौदा पत्रं काऊन लिहिली मंग? एवढं वाचून?"

ती चुलीपाशी येऊन बसली. म्हणाली, "शिव्या कोणीही देते आई. ज्या बाईले मी गेल्यावर भाकर थापताना हात अडकते, ती एक दिवस उत्तर देईल असं वाटलं. म्हणून लिहीत गेली."

मंग रडली ती. अकरा वर्षांचं रडली. मी पिठाचेच हात तिच्या पाठीवर ठेवले. तव्यावर भाकर होती, ती जळली. कोणती होती ते मी लिहीत नाई.

धम्मपाल अजून माझ्याशी जरा जपूनच बोलतो. ती जातीची ओळ त्यानं वाचली आहे, तिनंच सांगितलं. त्याले वेळ लागेल. लागू दे. मी काही कुठं चालली नाई.

तुमच्याकडं मी येणार नाई. अश्विनीचं मन झालं तर ती भेटाले येईल, झालं नाई तर येणार नाई. आली तर फाटक उघडा. मीटरवाला आहे म्हणू नका.

सोबत पावती जोडली आहे. सही केली.

नाव: वच्छला शरदचंद्र उमरीकर.
मिळालेल्या वस्तू: पत्रं, चौदा. सगळी मिळाली. एकही फाटलेलं नाई.
सुटल्यावर राहण्याचा पत्ता: अश्विनी धम्मपाल दुर्गे यांचं घर, शाळेच्या मागं, वांकिडी.

या पत्त्यावर माझ्या नावानं आलेलं पत्र मी स्वतः उघडते.

वच्छला